पडद्याच्या दांडीसकट जिना उतरलेली बाई

१९६६ सालचा शेवटचा आठवडा. नाताळ आटोपला होता आणि नवं वर्ष तोंडावर आलं होतं. कॅलिफोर्नियात नुकत्याच घेतलेल्या घरात तेहेतीस वर्षांची विनोदी नटी कॅरल बर्नेट आणि तिचा नवरा जो हॅमिल्टन संत्र्यांच्या खोक्यांवर बसले होते, कारण घर घेतल्यावर फर्निचरला पैसेच उरले नव्हते. पुढं काय, हा प्रश्न होता. तेव्हा त्यांना सीबीएस वाहिनीबरोबरच्या दहा वर्षांच्या करारातलं एक कलम आठवलं. पहिल्या पाच वर्षांत कॅरलनं मागणी केली, तर वाहिनीनं तिला तास-तासाचे ३० व्हरायटी शो द्यायलाच हवेत, असं त्यात लिहिलं होतं. पाच वर्षं पुरी व्हायला आठवडासुद्धा नव्हता. तिनं फोन उचलला.

पलीकडे होते सीबीएसचे उपाध्यक्ष माइक डॅन. त्यांना ते कलम आठवत नव्हतं. फायली निघाल्या, वकिलांनी कागद चाळले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते असं: कॅरल, विनोदी व्हरायटी हा पुरुषांचा प्रांत आहे. सिड सीझर, जॅकी ग्लीसन, डीन मार्टिन यांचं ते काम. त्यापेक्षा तुझ्यासाठी 'हिअर्स ॲग्नेस' नावाची छान घरगुती मालिका तयार आहे, ती कर. पण दर आठवड्याला तीच ती ॲग्नेस व्हायला कॅरल तयार नव्हती. तिला दर आठवड्याला वेगळी माणसं व्हायचं होतं. नाच, गाणी, पाहुणे आणि आपली स्वतःची नटमंडळी हवी होती. करार पक्का होता. वाहिनीचा नाइलाज झाला.

११ सप्टेंबर १९६७ ला 'द कॅरल बर्नेट शो' सुरू झाला. तो चालला २९ मार्च १९७८ पर्यंत, म्हणजे ११ हंगाम, पावणेतीनशेहून जास्त भाग आणि २५ एमी पुरस्कार. अमेरिकेत स्केच कॉमेडीचा म्हणजे छोट्या प्रहसनांचा तासाभराचा कार्यक्रम स्वतःच्या नावावर इतकी वर्षं चालवणारी ही पहिली बाई. तिच्या आयुष्यातल्या या गमतीजमती.

कान का ओढायची?

कार्यक्रम संपला की कॅरल डाव्या कानाची पाळी हळूच ओढायची. अमेरिकेतल्या घराघरांत ही खूण ठाऊक होती. ती होती आजीसाठी.

कॅरलचा जन्म २६ एप्रिल १९३३ चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा. आई आणि वडील दोघंही दारूच्या आहारी गेलेले. पोरगी वाढली ती आईच्या आईजवळ. या आजीला ती नॅनी म्हणायची. हॉलिवुड बूलेव्हार्डपासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या इमारतीत दोघींची एकच खोली होती, आणि तिथं भिंतीत मिटून जाणारा पलंग होता. कॅरलला टीव्हीवर पहिलं काम मिळालं तेव्हा आजीनं हट्ट धरला की टीव्हीवरून मला हॅलो म्हण. कॅमेऱ्यासमोर असं घरचं बोलायला परवानगी नव्हती. मग नात आणि आजीनं मिळून ही खूण ठरवली. कान ओढला म्हणजे नॅनी, मी मजेत आहे. आजी गेल्यावरही कॅरलनं ती कधी सोडली नाही.

टारझन कोण होणार?

पैसा नसला तरी आजी-नातीनं सिनेमा सोडला नाही. आठवड्याला अनेक सिनेमे बघायचे आणि घरी येऊन ते करून बघायचे, हा छंद. सोबतीला मामेमावस भावंडांतली एक बहीण असायची. ती दिसायला गोड, म्हणून ती जेन, आणि उरलेला टारझन कॅरलच्या वाट्याला. त्यातूनच तिची ती प्रसिद्ध टारझनची आरोळी घोटली गेली. पुढं प्रेक्षक दर कार्यक्रमात तिची फर्माईश करायचे.

या आरोळीचा एक किस्सा कॅरल आवडीनं सांगते. न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या बड्या दुकानात ती खरेदीला गेली. पैसे चेकनं द्यायचे होते, पण ओळखपत्र जवळ नव्हतं. दुकानातून अट आली की टारझनची आरोळी द्या, म्हणजे तुम्हीच त्या हे पटेल. कॅरलनं दिली. त्याच क्षणी मागचं दार धाडकन उघडलं आणि सुरक्षारक्षक पिस्तूल रोखून आत घुसला!

जिथून हाकललं, तिथंच तारा

शाळकरी वयात कॅरल हॉलिवुड बूलेव्हार्डवरच्या वॉर्नर थिएटरात डोअरकीपर होती. खांद्यावर झुपके लावलेला गणवेश घालून प्रेक्षकांना जागेवर बसवायचं, हे काम. १९५१ साली तिथं हिचकॉकचा 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' लागला होता. सिनेमा संपायला पाचएक मिनिटं उरलेली असताना एक जोडपं आलं. कॅरलनं सिनेमा आधी पाहिलेला होता. तिनं पोटतिडकीनं विनवलं की जरा थांबा, आत्ता आत गेलात तर शेवट कळून सगळी मजा जाईल, पुढच्या खेळाला सुरुवातीपासून बघा. मॅनेजरनं ते ऐकलं, जोडप्याला आत सोडलं आणि तिच्या खांद्यावरचे झुपके तिथल्या तिथं उपटून तिला कामावरून काढून टाकलं.

पुढं हॉलिवुडच्या 'वॉक ऑफ फेम'वर तिच्या नावाचा तारा बसवायचं ठरलं. कुठं बसवू, असं विचारल्यावर तिनं क्षणाचाही विचार केला नाही. तो तारा त्या थिएटरच्या दारासमोरच्या फुटपाथवर आहे.

दोन अनोळखी हात

हा भाग मला सगळ्यात जास्त भावतो.

शाळा संपली तेव्हा कॅरलला यूसीएलए विद्यापीठात जायचं होतं, आणि घरात फीचे पैसे नव्हते. एके दिवशी टपालाच्या पेटीत तिच्या नावाचं पाकीट आलं. आत ५० डॉलर होते. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. कुणी पाठवले ते तिला आजवर कळलेलं नाही. फी भरली गेली. पत्रकार व्हायचं म्हणून गेलेली मुलगी तिथं नाटकाकडे वळली, आणि एका विद्यार्थी एकांकिकेत तिनं गावंढळ बाईचं काम करताना आयुष्यातला पहिला मोठा हशा घेतला.

दुसरा प्रसंग १९५४ चा. सॅन डिएगोजवळच्या एका श्रीमंत घरच्या पार्टीत कॅरल आणि तिचा मित्र डॉन सॅरॉयन यांनी एका संगीतिकेतला प्रवेश करून दाखवला. नंतर कॅरल खाण्याच्या टेबलापाशी गेली आणि आजीसाठी चार चांगले पदार्थ नॅपकिनात गुंडाळून पर्समध्ये भरू लागली. तेवढ्यात मागून कुणी तरी खांद्यावर हात ठेवला. चोरी पकडली गेली, असंच तिला वाटलं. पण तो माणूस त्यांचं काम बघून खूश झाला होता. पुढं काय करणार, असं त्यानं विचारलं. न्यूयॉर्कला जाऊन नाटकात काम करायचंय, पण पैसे नाहीत, असं ती म्हणाली. त्यानं दोघांना हजार-हजार डॉलर बिनव्याजी दिले. अटी चार होत्या. पैसे न्यूयॉर्कला जायलाच वापरायचे. पाच वर्षांत फेडायचे. देणाऱ्याचं नाव कधी कुणाला सांगायचं नाही. आणि यश मिळालं, तर धडपडणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी असाच हात द्यायचा.

कॅरलनं पाच वर्षांनी पै न् पै परत केली. आज ती नव्वदी ओलांडून गेली आहे आणि ते नाव अजून तिच्या तोंडून निघालेलं नाही. चौथी अट तिनं कशी पाळली ते पुढं येतंच.

काम नाही, तर आपणच नाटक लावू

न्यूयॉर्कमध्ये ती उतरली ती 'रिहर्सल क्लब'मध्ये. नाटकात काम शोधणाऱ्या मुलींसाठी चालवलेलं हे वसतिगृह. पोटासाठी एका रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकांच्या टोप्या-कोट सांभाळायचं काम धरलं. एजंटांकडे गेलं की एकच उत्तर मिळायचं: तुम्ही कशात तरी काम करत असलात की कळवा, आम्ही बघायला येऊ. आणि एजंट नसेल तर काम कोण देणार? कॅरलनं वसतिगृहातल्या मुली गोळा केल्या, १९५५ मध्ये सगळ्यांचा मिळून एक कार्यक्रम बसवला आणि शहरभरच्या एजंटांना पोस्टकार्डं धाडली: तुम्हीच म्हणाला होतात ना, बघायला येऊ? या आता. ते आले, आणि कॅरलला एजंट मिळाला.

परराष्ट्रमंत्र्यावर जीव जडला!

१९५७. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस. शीतयुद्धाचे दिवस, आणि चेहऱ्यावर हसू शोधून सापडणार नाही असे हे गृहस्थ. केन वेल्च यांनी कॅरलसाठी गाणं रचलं. त्यातली तरुणी आजकालच्या पोरी गायकांवर मरतात तशी या डलेससाहेबांवर मरते! नाइटक्लबात ते गाजलं आणि एकाच आठवड्यात जॅक पार आणि एड सलिव्हन या दोन्ही बड्या कार्यक्रमांत पोचलं. डलेस यांच्या माणसांनी तर साहेबांचं बघायचं राहिलं म्हणून ते पुन्हा करा, असा निरोप धाडला. मग एका गंभीर मुलाखतीत पत्रकारानं मंत्र्यांना या मुलीबद्दल छेडलं. हृदयाच्या बाबींवर आपण चारचौघांत बोलत नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्यांनीही हशा घेतला.

दोन वर्षांनी 'वन्स अपॉन अ मॅट्रेस' ही संगीतिका आली. गाद्यांच्या थप्पीखाली वाटाण्याचा दाणा टोचणाऱ्या राजकन्येची ती गोष्ट. त्यात कॅरल धसमुसळी, मोठ्या आवाजाची राजकन्या झाली आणि ब्रॉडवेनं तिला डोक्यावर घेतलं.

दांडीची गोष्ट

आता त्या दांडीकडे येऊ. नोव्हेंबर १९७६ मध्ये 'गॉन विथ द विंड' अमेरिकेत पहिल्यांदाच मोठ्या वाहिनीवर दाखवला गेला, ७ आणि ८ तारखेला दोन रात्री. सारा देश टीव्हीसमोर बसला होता. त्यानंतर पाचच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला कॅरलच्या कार्यक्रमात आलं 'वेंट विथ द विंड'. लिहिणारे होते रिक हॉकिन्स आणि लिझ सेज हे तरुण लेखक.

मूळ सिनेमात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. युद्धात सगळं गेलेली स्कार्लेट हिरव्या मखमली पडद्यांचा झगा शिवून घेते आणि ऐटीत रेट बटलरला भेटायला जाते. विडंबनात कॅरल झाली स्टारलेट. संहितेत एवढंच होतं की ती पडदे अंगाला गुंडाळून येते. वेशभूषाकार बॉब मॅकी यांना वाटलं, की हे तर प्रेक्षकांना आधीच सुचलेलं असणार, त्यात हसणार कोण? त्यांनी पडदे उतरवले ते दांडीसकट.

हे दृश्य नेटवर जरूर बघा. वर जिन्याच्या टोकाला कॅरल उभी राहते. हिरवी मखमल, कडेनं सोनेरी झालर, कमरेला गोंड्यांची दोरी, डोक्यावर त्याच कापडाची टोपी, आणि दोन्ही खांद्यांच्या पार बाहेर गेलेली पडद्याची लांबलचक दांडी! मान ताठ, हनुवटी वर, चेहऱ्यावर राजघराण्यातली ऐट. सभागृह फुटतं. ती घाई करत नाही, हशा ओसरू देते आणि सावकाश एकेक पायरी उतरते. खाली रॅट बटलर झालेला हार्वी कॉर्मन झग्याची तारीफ करतो, आणि ती साधेपणानं सांगते की खिडकीत दिसला, मोह आवरला नाही. पुन्हा स्फोट. टीव्हीच्या इतिहासातल्या सर्वात मोठ्या हशांत याची गणना होते, आणि तो हशा मुळात शिंप्याच्या डोक्यातून आला. हे कॅरल दरवेळी न चुकता सांगते. तो झगा आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मॅकी यांची दुसरी करामत म्हणजे मिसेस विगिन्सचा स्कर्ट. ही कामचुकार सेक्रेटरी, आणि कार्यक्रमातला नट टिम कॉन्वे झाला होता तिचा वैतागलेला साहेब. मॅकी यांनी काढलेला जुना घट्ट स्कर्ट मागून ढगळ होता. कॅरल म्हणाली, मागून टाके घालून बसता करा. मॅकी म्हणाले, स्कर्टला हात लावायचा नाही, तूच मागचा भाग त्यात ढकल. तिनं ढकलला, पाठ आपोआप वाकली, पावलं तुटक पडायला लागली आणि ती अजरामर चाल जन्माला आली. मॅकी दर आठवड्याला असे साठ-सत्तर पोशाख करत, तेही ११ वर्षं!

माणसं कशी जमवली

हार्वी कॉर्मन तेव्हा डॅनी के यांच्या कार्यक्रमात होता. आपल्याला हार्वी कॉर्मनसारखा कुणी तरी हवा, असं सगळे घोकत होते, आणि मग खुद्द कॉर्मनच का नको, असं लक्षात आलं. कॅरलनं त्याला सीबीएसच्या पार्किंगमध्येच गाठलं आणि आमच्याकडे ये म्हणून गळ घातली. या कार्यक्रमानं त्याला चार एमी मिळवून दिल्या.

व्हिकी लॉरेन्सची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. तू कॅरल बर्नेटसारखी दिसतेस, असं सतरा वर्षांच्या या मुलीला सगळे म्हणत. तिनं कॅरलला पत्र लिहिलं, सोबत स्थानिक वर्तमानपत्रातलं कात्रण जोडलं आणि आपण इंगलवुडच्या अग्निशमन दलाच्या 'मिस फायरबॉल' स्पर्धेत उतरतोय, असंही कळवलं. कॅरल तेव्हा गरोदर होती. अशा पत्रांचा तिच्याकडे ढीग यायचा. पण ती उठली आणि ती स्पर्धा बघायला गेली. व्हिकी जिंकली. काही महिन्यांनी कॅरलच्या धाकट्या बहिणीचं काम तिला देण्यात आलं. तिला अनुभव शून्य होता. इतकी कच्ची मुलगी कशाला घ्यायची, अशी वाहिनीकडून कुरकुर झाली, पण कॅरल ठाम राहिली. व्हिकी ११ च्या ११ हंगाम टिकली आणि एमीही घेऊन गेली. सॅन डिएगोच्या त्या माणसाची चौथी अट कॅरलनं अशी पाळली.

शुक्रवारचे दोन खेळ

दर शुक्रवारी लॉस एंजेलिसच्या सीबीएस टेलिव्हिजन सिटीत, स्टुडिओ ३३ मध्ये एकाच भागाचे दोन खेळ व्हायचे. प्रत्येक खेळाला वेगळा प्रेक्षक. दोन्हींचं चित्रण व्हायचं आणि जे चांगलं उतरेल ते वापरायचं. कॅरलचा दंडक होता की हा कार्यक्रम रंगभूमीवरच्या नाटकासारखा सलग चालला पाहिजे. प्रेक्षक समोर बसलाय, त्याला ताटकळत ठेवायचं नाही. चूक झाली तरी पुढं चला.

टिम कॉन्वेनं या दोन खेळांचा पुरेपूर फायदा उठवला. पहिल्या खेळात तो संहितेबरहुकूम काम करायचा. मग दिग्दर्शक डेव्ह पॉवर्सना विचारायचा, तुम्हाला हवं ते सगळं मिळालं ना? आणि दुसऱ्या खेळात मनाला येईल ते सुरू. दंतवैद्याच्या १९६९ च्या प्रहसनात हा नवशिका डॉक्टर बधिर करण्याची सुई चुकून स्वतःच्याच हाताला टोचून घेतो, मग पायाला. खुर्चीतला पेशंट म्हणजे बिचारा हार्वी कॉर्मन. तो तोंड लपवतो, ओठ चावतो, पण हसू काही आवरत नाही. त्या दिवशी हार्वीची पँट ओली झाली, असं कॉन्वे जन्मभर सांगत राहिला.

कॅरलच्या थोरपणाचं खरं माप मला इथंच दिसतं. कार्यक्रमाला नाव तिचं, पण सर्वात मोठा हशा कुणाला मिळतोय याचा हिशेब तिनं कधी ठेवला नाही. कॉन्वेनं सगळं प्रहसन पळवलं तरी ती बाजूला उभी राहून डोळे पुसत असायची.

ममा, युनिस आणि हसण्याखालचं रडू

१९७४ मध्ये डिक क्लेअर आणि जेना मॅकमेहन या लेखकांनी 'द फॅमिली' हे प्रहसन लिहिलं. एक खाष्ट म्हातारी, तिची कायम धुसफुसणारी मुलगी युनिस आणि युनिसचा नवरा एड. लेखकांच्या मनात कॅरलनं म्हातारी व्हावं असं होतं. पण संहिता वाचताना कॅरलला युनिसमध्ये आपली स्वतःची आई दिसली. खूप काही व्हायचं होतं आणि काहीच झालं नाही, असं ते आयुष्य. तिनं युनिस निवडली, तिला टेक्सासकडची बोली दिली आणि ममा करायला सांगितलं पंचविशीतल्या व्हिकीला. म्हणजे कॅरलची आई झाली तिच्याहून १६ वर्षांनी लहान असलेली मुलगी!

या प्रहसनात विनोदी वाक्यं जवळजवळ नाहीतच. जेवणाचं टेबल किंवा पत्त्यांचा डाव, आणि जुनी उणीदुणी. माणसं एकमेकांना टोचत राहतात आणि प्रेक्षक हसून हसून लोळतो, कारण हे घर त्याच्या ओळखीचं असतं. एकदा तालमीत त्यांनी बोलीचे हेल आणि सगळी हसवाहसवी काढून टाकून तेच प्रहसन सरळ, गंभीरपणे करून बघितलं. सगळे सुन्न झाले. अमेरिकी टीव्हीवर प्रहसन या प्रकाराची ताकद कुठवर जाते हे बघायचं असेल, तर मी दांडीच्या आधी युनिस बघायला सांगेन.

याच मालिकेत १९७७ मध्ये कॉन्वेनं एकमेकांना चिकटलेल्या जुळ्या हत्तींची कथा मधेच काढली. ती संहितेत नव्हती. कॅरल हसून कोसळली, सोबतचा नट डिक व्हॅन डाइक गुदमरला. कॉन्वे थांबेचना. शेवटी ममाच्या खवचट सुरात व्हिकीनं एक सणसणीत शिवी हासडून विचारलं, झालं का याचं? त्यावर खुद्द कॉन्वेच आडवा झाला. ज्या पोरीला कच्ची म्हणून नाकारत होते, तिनं तो दिवस लुटला.

लाइट लावा!

बहुतेक भागांची सुरुवात व्हायची ती कॅरलनं प्रेक्षकांत दिवे लावायला सांगून. मग ती त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. निर्माते बॉब बॅनर यांची ही कल्पना. आधी कॅरल घाबरली होती. पण एकदा मान्य केल्यावर तिनं अट घातली की आपला माणूस प्रेक्षकांत पेरायचा नाही, खरे प्रश्न येतील तसे घ्यायचे. एकदा एका बाईंनी विचारलं, तुम्ही अभिनयाचं शिक्षण घेतलंय का? कॅरल हो म्हणाली. त्यावर पुढचा प्रश्न: काही उपयोग झाला असं वाटतं का?

संहिता आवडली नाही तर?

जॅकी ग्लीसन किंवा सिड सीझर यांना संहिता पटली नाही, तर ते लेखकांना तोंडावर सांगत. कॅरल तसं करत नसे. मला हे जमत नाहीये, जरा मदत करता का, दुसरं एखादं वाक्य सुचतंय का, असं ती म्हणायची. त्या काळी बाई ठामपणे बोलली की तिला कजाग ठरवत, हे तिनंच नंतर मोकळेपणानं सांगितलं आहे. स्वतःच्या नावाच्या कार्यक्रमातही तिला शब्द असे तोलून वापरावे लागले, हे वाचून वाईट वाटतं. आणि तरीही ११ वर्षं तिनं हवं ते काम करून घेतलं.

बदनामीला उत्तर

१९७६ मध्ये 'नॅशनल एन्क्वायरर' या साप्ताहिकानं छापलं की वॉशिंग्टनच्या एका रेस्टॉरंटात कॅरल झिंगली होती आणि हेन्री किसिंजर यांच्याशी तिची खडाजंगी झाली. ते धादांत खोटं होतं. जिचे आईवडील दारूनं संपले, तिच्यावरच दारूचा आरोप झाला. ती कोर्टात गेली. अशा साप्ताहिकांच्या वाटेला नट मंडळी सहसा जात नसत. १९८१ मध्ये ज्यूरीनं तिच्या बाजूनं १६ लाख डॉलरचा निकाल दिला. पुढं रक्कम कमी होत गेली आणि शेवटी तडजोड झाली. आलेल्या पैशांतून तिनं पत्रकारितेतली नीतिमत्ता शिकवण्यासाठी हवाई आणि बर्कली इथल्या विद्यापीठांना देणग्या दिल्या.

ल्युसीची फुलं

'आय लव्ह ल्युसी'ची ल्युसिल बॉल कॅरलहून २२ वर्षांनी मोठी. 'मॅट्रेस'च्या दिवसांत ती रंगपटात येऊन भेटली आणि तेव्हापासून कॅरलला 'किड' म्हणू लागली. दरवर्षी २६ एप्रिलला, कॅरलच्या वाढदिवसाला, ती फुलं पाठवायची. १९८९ मध्ये २६ एप्रिलच्या सकाळी ल्युसी गेल्याची बातमी आली. दुपारी कॅरलच्या दारात फुलं आली. ल्युसीनं ती आधीच सांगून ठेवली होती.

आणखी काही, भराभर

१९७३-७४ च्या हंगामात सीबीएसवर शनिवारी रात्री ओळीनं 'ऑल इन द फॅमिली', 'मॅश', 'मेरी टायलर मूर', 'बॉब न्यूहार्ट' आणि शेवटी 'कॅरल बर्नेट' असायचं. अमेरिकी टीव्हीची ती सर्वात श्रीमंत रात्र, असं जाणकार आजही म्हणतात.

दर हंगामाच्या पहिल्या भागात पाहुणा ठरलेला: गायक-नट जिम नेबर्स. तो कार्यक्रमाचा शकुन होता.

कॅरल 'ऑल माय चिल्ड्रन' या दुपारच्या मालिकेची भक्त. १९८३ मध्ये तिनं त्यात एक छोटं कामही केलं.

१९७८ मध्ये वाहिनी आणखी एक हंगाम द्यायला तयार होती. नको म्हणाली ती कॅरल. कुणी दारावर थाप मारून वेळ झाली असं सांगण्याआधी आपणच निघावं, असं तिला वाटलं.

थोरली मुलगी कॅरी हिच्याबरोबर तिनं नॅनीच्या त्या खोलीवर 'हॉलिवुड आर्म्स' हे नाटक लिहिलं. जानेवारी २००२ मध्ये कॅरी कर्करोगानं गेली. कॅरलनं नाटक पुरं केलं आणि त्याच वर्षी ते हॅल प्रिन्स यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रॉडवेवर आलं.

२००५ मध्ये तिला 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं आणि २०१३ मध्ये विनोदासाठीचा मार्क ट्वेन पुरस्कार. गोल्डन ग्लोबवाल्यांनी २०१९ पासून टीव्हीतल्या आयुष्यभराच्या कामगिरीसाठी तिच्या नावाचाच पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान तिलाच दिला.

नव्वदीतलं काम

२०२२ मध्ये ती 'बेटर कॉल सॉल'च्या शेवटच्या भागांत दिसली. त्यात ती झाली होती मॅरियन ही साधी म्हातारी, जी नायकाचं बिंग कॉम्प्युटरवर शोधून काढते. या मालिकेची ती आधीपासून चाहती होती. २०२४ मध्ये आली 'पाम रॉयाल'. तिच्यासोबत क्रिस्टन विग, जी स्वतः 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मधल्या प्रहसनांतून मोठी झालेली. कॅरलची नॉर्मा सुरुवातीचे भाग बेशुद्ध पडून असते आणि शुद्धीवर आल्यावरही तिला धड शब्द फुटत नाहीत, नुसते हुंकार येतात. त्या पलंगावरूनच कॅरल एक भुवई उचलते, डोळे बारीक करते, घशातून एक घुरघुर काढते आणि समोरची चांगली हातभर संवाद म्हणणारी माणसं फिकी पडतात. त्या कामासाठी तिला एमीचं नामांकन मिळालं. तेव्हा तिनं एक्क्याण्णवावं वर्ष पूर्ण केलेलं होतं.